हाराच्या फोटोआधीचा फोटो : लातूरच्या एका प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

आजपासून वेगळं रजिस्टर. दुकानात जुने फोटो घेऊन येणाऱ्यांपैकी ज्यांची हरकत नसेल, त्यांचा मूळ फोटो आहे तसा, न कापता, पुढून-मागून स्कॅन करून ठेवायचा. दाखवण्यासारखे असतील ते ऑनलाइन टाकायचे. रद्दीत पोस्टकार्डं मिळाली तर तीही.

हे कशासाठी, ते एकदाच लिहून ठेवते. आमचं गंजगोलाईजवळ डीटीपी-झेरॉक्सचं दुकान. लग्नपत्रिका, बॉण्डवरचा मजकूर, ऑनलाइन फॉर्म आणि हाराचा फोटो. हाराचा म्हणजे माणूस गेल्यावर भिंतीला लावायचा तो. जुन्या बाईमाणसाचा एकटीचा फोटो घरात बहुधा नसतोच. असतो तो कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो. त्यातून आजी कापून काढायची, मागं निळं बॅकग्राउंड टाकायचं, डोक्यावरचा पदर नीट करायचा, खाली 'कै.' आणि तारीख. बारा बाय अठरा, फ्रेमसकट. गिऱ्हाईक समाधानानं जातं. मूळ फोटोत मात्र मांडव असतो, वाड्याची ओसरी असते, कडेला कुणाचं तरी भोकाड पसरलेलं पोर असतं, एखादी बाई कॅमेऱ्याकडं मुद्दाम पाठ करून बसलेली असते. काम झालं की तो फोटो पिशवीत जातो आणि पुढं घरात कुणालाच सापडत नाही.

संमती तोंडी घ्यायची नाही. रजिस्टरात सही किंवा अंगठा, आणि समोर लिहायचं: फक्त ठेवा / दाखवा / नावासकट दाखवा.

११ जानेवारी

सेटिंग ठरवलं. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), रंगीत, टिफ फाइल. ब्लॅक अँड व्हाइट फोटोही रंगीतच स्कॅन करायचा, कारण पिवळटपणा आणि डाग हीसुद्धा माहितीच असते. पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटर धरलं तर एका बाजूची फाइल साधारण २१ एमबी होते. दोन्ही बाजू म्हणजे दुप्पट. हार्ड डिस्क वेगळी लागणार. ऑनलाइनसाठी त्यातून छोटी जेपीजी काढायची, मूळ फाइलला हात लावायचा नाही.

स्कॅनरचं 'ऑटो करेक्शन' बंद. घरातल्याच एका कार्डावर करून बघितलं. लग्न ठरल्याचं कार्ड, कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटं. ऑटो चालू असताना मशीन कागदाचा पिवळेपणा काढतं आणि त्याच्यासोबत हळदही पुसून टाकतं. स्कॅनमध्ये कार्ड स्वच्छ, पांढरं, आणि ते शुभवार्तेचं होतं हे कळायला काही जागाच नाही. हळद मुळातच उजेडानं उडते. म्हणून अशी कार्डं स्कॅन झाली की लगेच कागदात गुंडाळून पेटीत.

काचेला चिकटलेले फोटो सोडवायचे नाहीत. ओल लागून फोटोचा थर काचेला धरतो, ओढला की चेहरा काचेवर राहतो. फ्रेमसकट, काचेवरूनच घ्यायचा. घरचे म्हणतात, "ताई, ओढा की, निघतंय." नाही ओढायचा.

१९ जानेवारी

रद्दीवाल्या मामूंकडून कार्डं आणली. एका आडत दुकानातली. वाटण्या झाल्या, दुकान विकलं, वह्या-कागद किलोवर गेले. मामू म्हणाले, "तारेसकट घेऊन जा, मला कुठं सोडवत बसायलंय."

तारेसकट मिळाली हेच भाग्य. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: भिंतीला टांगायची जाड तार, खाली अडणी म्हणून लाकडी चकती, वर आकडा. आलेलं कार्ड वाचलं, उत्तर दिलं, की वरून टोचायचं. म्हणजे सगळ्यात खालचं कार्ड सगळ्यात जुनं. तारेवरचा हा क्रम एकदा मोडला की परत मिळत नाही. म्हणून काढायच्या आधी खालून वर मऊ पेन्सिलीनं कोपऱ्यात आकडे घातले आणि मगच एकेक उतरवलं.

प्रत्येक कार्डाच्या मधोमध भोक. भोकाभोवती गंजाची तांबूस कडी, खालच्या कार्डांना गडद, वरच्यांना फिकट. एका कार्डात तार नेमकी तुरीच्या भावातून गेलीय. 'तूर' दिसतं, 'रुपये' दिसतं, मधला आकडा तारेनं खाल्ला. स्कॅन करताना मागं काळा कागद ठेवते, म्हणजे भोक भोकासारखं दिसतं. पांढऱ्या झाकणावर ते शाई उडाल्यासारखं वाटतं.

मजकूर निम्मा बाजाराचा, निम्मा घरचा, बऱ्याचदा एकाच कार्डावर. 'हरभऱ्याची आवक वाढली, माल थांबवावा' आणि त्याच्या खाली 'अक्काला दिवस गेले आहेत, घरी कळवावे'. जागा संपली की पत्त्याच्या कडेनं उभं लिहिलेलं. 'उघडं पत्र' म्हणून कुणी लाजलेलं दिसत नाही. गावात पोस्टमन वाचून दाखवायचा, तेव्हा कार्डातलं गुपित नव्हतंच म्हणायचं. पण गल्लीत माहीत असणं निराळं आणि इंटरनेटवर कायम असणं निराळं.

२५ जानेवारी

सबंध तारेवर दुखवट्याचं कार्ड एकही नाही. इतक्या वर्षांत नात्यात कुणी गेलंच नाही, असं थोडंच आहे. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की दारातच वाचायचं आणि फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, ही रीत. म्हणजे रद्दीतून जे हाती लागतं त्यात लग्नं, बाळंतपणं, भाव, उधारी, बदल्या सगळं आहे, मरण तेवढं नाही. कार्डं ऑनलाइन टाकताना ही ओळ वर लिहायची. नाहीतर बघणाऱ्याला वाटेल काळ फार सुखाचा होता.

९ फेब्रुवारी

तारखा लावणं. यात रविवार कसा गेला कळलं नाही. शिक्का स्वच्छ असेल तर प्रश्न नाही, पण निम्मे शिक्के म्हणजे नुसता काळा डाग. मग कार्डच वाचावं लागतं, मजकूर नव्हे, पत्ता.

पत्त्यात 'निजाम स्टेट' किंवा 'हैद्राबाद राज्य' असेल तर कार्ड नोव्हेंबर १९५६ च्या आधीचं, कारण १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. 'मुंबई राज्य' असेल तर १९५६ ते १ मे १९६० यांच्या मधलं. 'लातूर, जि. उस्मानाबाद' असेल तर १९८२ च्या आधीचं धरायला हरकत नाही, लातूर जिल्हा त्या वर्षी वेगळा झाला. तसंच 'जालना, जि. औरंगाबाद' हे १९८१ च्या आधीचं आणि 'हिंगोली, जि. परभणी' हे १९९९ च्या आधीचं. पण सवय वाईट. जिल्हा होऊन गेला तरी म्हातारी माणसं जुनाच जिल्हा लिहीत राहतात, त्यामुळं ही खूण एका बाजूनंच पक्की: 'जि. लातूर' लिहिलं असेल तर ते १९८२ च्या आधीचं नक्कीच नाही.

पिन कोडचंही तेच. तो १५ ऑगस्ट १९७२ ला आला. आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतातले कवी. पिन असेल तर कार्ड १९७२ नंतरचं. नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, आमचे मामा अजूनही लिहीत नाहीत.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे छापील तिकीट. त्यावर 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि १९६४ मध्ये त्यातलं 'नये' गळालं. वाघाचं तोंड छापलेलं १५ पैशांचं कार्ड ऐंशीच्या दशकात घरोघर होतं, मीही लिहिलीत. आज कार्ड ५० पैशांना आहे, पण मागितलं की पोस्टातला मुलगा वर बघतो.

तारेच्या अगदी तळाला दोन-तीन कार्डं निजामाच्या टपालाची निघाली. हैद्राबाद संस्थानाचं टपाल वेगळं होतं, ते १ एप्रिल १९५० ला भारतीय टपालात मिसळलं. संस्थानाची तिकिटं संस्थानाबाहेर चालत नसत. लातूरहून परभणीला जाणारं कार्ड निजामाचं, आणि सोलापूरला, म्हणजे सरहद्दीपलीकडं लगेच, जायचं तर इंग्रज सरकारचं तिकीट. निजामाच्या तिकिटांवर उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशी चार लिप्यांतली अक्षरं. १९३१ च्या मालिकेत आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आणि एक रुपयावर दौलताबादचा चाँद मिनार होता. ती कार्डावर कशाला सापडतील, एवढ्या किमतीचं तिकीट कार्डाला कोण लावणार! पण आपल्या भागाची दोन ठिकाणं त्या काळी पत्रांवर फिरत होती, हे बघायला बरं वाटतं.

या सगळ्या खुणा मागच्या बाजूच्या आहेत. नुसती पुढची बाजू ऑनलाइन टाकणाऱ्यांचं मला कळत नाही. कैलास लेण्याचं चित्रकार्ड टाकतात, खाली 'विंटेज वेरूळ', आणि ते कधीचं, कुणी कुणाला धाडलं, त्याचा पत्ता नाही. मागची बाजू नसेल तर ते नुसतं चित्र.

२३ फेब्रुवारी

हक्कांचं बघितलं. वकिलीणबाईंकडं बसून घेतलं, त्यांच्या पोराच्या मुंजीच्या पत्रिका मी केल्या होत्या.

कार्ड माझं, मजकूर माझा नाही. पत्र ज्याला आलं त्याची मालकी कागदावर. शब्दांवरचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि तो गेल्यावर वारसांचा. रद्दीतून किलोनं आणलं म्हणून तो हक्क माझ्याकडं येत नाही.

फोटोचं वेगळं. १९५७ चा कॉपीराइट कायदा जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्याआधी काढलेल्या फोटोंना जुना कायदा, काढल्यापासून ५० वर्षं. म्हणजे ते आता सगळ्यांचे. त्यानंतरच्या फोटोंत एक कलम आपल्या कामाचं आहे: पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, दुसरा काही करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. निगेटिव्ह स्टुडिओत राहिली तरी. म्हणून लग्नाच्या फोटोची संमती घरच्यांकडून घेतली तर ते बरोबरच आहे.

कायद्यानं हे चालतं. पण कार्डातली उधारी, हुंडा, आजारपण हे कायद्याच्या आधीचे प्रश्न आहेत. म्हणून आणखी एक नियम: सापडलेल्या कार्डांत शिक्का, छापील तिकीट, गावांची नावं, जिल्हा, वरचं 'श्री', मायना आणि भोक दाखवायचं. माणसांची नावं आणि आतला मजकूर झाकायचा. झाकायला पांढरी पट्टी नाही, करड्या रंगाची, म्हणजे इथं काहीतरी होतं हे दिसेल. बाजारभावाच्या ओळी उघड्या ठेवायच्या, तुरीच्या भावानं कुणाची अब्रू जात नाही.

१६ मार्च

कुठं टाकायचं, यावर घरात बराच खल झाला. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या फोटोसंग्रहात, टाकलेला फोटो कुणीही, कशालाही, धंद्यालाही वापरू शकतो. 'धंद्यासाठी नको' अशी अट तिथं चालत नाही आणि एकदा दिलेला परवाना मागं घेता येत नाही. शिवाय नुसते घरगुती फोटो त्यांना नको असतात, अभ्यासाला उपयोग होईल असं हवं. म्हणून वाटणी केली. जागा, बाजार, रस्ते, वाहनं, इमारती कॉमन्सवर. माणसं फ्लिकरवर, 'सर्व हक्क राखीव' ठेवून. फ्लिकरच्या फुकट खात्यात हजार फोटोंची मर्यादा आहे. तूर्त पुरेल.

फोनवरून काढलेले फोटो असतील तर जीपीएसची माहिती काढूनच टाकायचे. गावातल्या घराचा नेमका ठिकाणा जगाला कशाला?

कॉमन्सवर पहिला फोटो गेला तो बार्शी लाइट रेल्वेचा. एका गिऱ्हाइकाच्या, रेल्वेत नोकरी केलेल्या आजोबांच्या पेटीतून. लातूरचं स्टेशन, अडीच फुटी अरुंद रूळ, डब्यापुढं उभी चार माणसं, डब्यावर बी.एल.आर. अशी अक्षरं. ही लाइन लातूरला १९११ मध्ये आली, १९५४ मध्ये सरकारनं घेतली, आणि २००७-०८ मध्ये रुंद झाली. अक्षरं कंपनीच्या काळातली, म्हणजे फोटो १९५४ च्या आधीचा किंवा रंग बदलायच्या आतला. १९५८ च्या पुढं तो जाईल असं वाटत नाही. चौघांपैकी एक आजोबा. नातू म्हणाला, "नाव टाका की बिनधास्त." बाकी तिघांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत, म्हणून कुणाचंच टाकलं नाही.

२० एप्रिल

लग्नसराई. अक्षय्य तृतीयेच्या पत्रिका. प्रकल्प बंद.

१४ जून

पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ आले, हाराच्या फोटोसाठी. आजोबांचा. घरात दुसरा फोटोच नाही, हाच एक, शाळेच्या बोर्डिंगमधला: तीन ओळीत मुलं, मधे मास्तर. आजोबा दुसऱ्या ओळीत, शेरवानी आणि रुमी टोपी, गोंड्याची, तुर्की धाटणीची.

"ताई, एवढं करा, ही टोपी काढून गांधी टोपी घाला. आमच्या घरात कुणी अशी टोपी घालत नव्हतं."

घालत होते, समोरच दिसतंय. संस्थानाचा कारभार उर्दूत, शिक्षण उर्दूत. १९१८ ला हैद्राबादेत निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातसुद्धा उर्दूतूनच शिकवत. शिकायचं तर ती भाषा, आणि शाळेचा तो वेश. त्या ओळीतली निम्मी मुलं हिंदू असणार. पण हे मी काउंटरवर बोलले नाही. मापं घेतली, गांधी टोपी घातली, कपाळावरची सावली जुळवली. काम चांगलं झालं, त्यांनी पैसे देताना दोनदा हात जोडले.

मग विचारलं, मूळ फोटो ठेवू का, टोपीसकट? बराच वेळ गप्प. म्हणाले, "ठेवा. नाव नका टाकू."

फोटोच्या मागं उर्दूत एक ओळ आणि शिक्क्याचा पुसट गोल. मामूंकडं पाठवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं: माहे अमरदाद, १३५५ फसली. फसली म्हणजे महसुलाच्या कामाचं वर्ष. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, हे सातबाराचं काम केलेल्या कुणालाही पाठ असतं. पण हैद्राबादी फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्यानं सुरू व्हायचं, आणि अमरदाद त्यातला नववा. म्हणजे इथं ५९१ मिळवायचे. १९४६, पावसाळ्याच्या तोंडावर. तिथून दोन-सव्वादोन वर्षांत, सप्टेंबर १९४८ मध्ये, पोलीस ॲक्शन, म्हणजे संस्थान भारतात आणणारी लष्करी कारवाई. त्या तीन ओळींतली मुलं त्यानंतर कोण कुठं गेली असतील, ते फोटोत नाही. मामूंनी फोटो उलटा करून परत चेहरे बघितले आणि म्हणाले, "ह्यातला एखादा आमचाबी असंल."

फ्लिकरवर टाकला, तारीख आणि मागच्या बाजूसकट. हाराचा फोटो त्यांच्या भिंतीवर, हा इथं. दोन्ही मीच केलेत, आणि दोन्ही ज्याच्या त्याच्या जागी ठीक आहेत.

६ जुलै

सिद्धेश्वराच्या जत्रेतला एक फोटो होता. पत्र्याच्या मोटारसायकलवर बसलेल्या दोघी, एकीच्या डोक्यावर पदर नाही, दोघी खळखळून हसतायत. सुनेनं हौसेनं दिला होता, सही आहे. आज मुलाचा फोन: आईचा असा फोटो लोकांपुढं नको. संध्याकाळच्या आत काढला. वाद घातला नाही. आपल्याला तो फोटो फार गोड वाटतो, हा काही हक्क नाही.

कॉमन्सवर असता तर इतक्या सहज काढता आला नसता. माणसं तिथं न टाकण्याचा फायदा आज कळला. आता संमतीच्या रकान्यात घरातल्या दोघांच्या सह्या.

१७ ऑगस्ट

एक मावशी मतदान कार्ड घेऊन आल्या. नवरा गेला, फोटो पाहिजे. फोटोवाली मतदान ओळखपत्रं १९९३ पासून निघाली, आणि कित्येक घरांत माणसाचा आयुष्यातला पहिला आणि शेवटचा फोटो तोच. नखाएवढा, लॅमिनेशनखाली, वरून होलोग्राम. त्याचा बारा बाय अठरा करायचा म्हणजे नाक-डोळे जवळजवळ काढावेच लागतात. मावशी बाजूला बसून सांगत होत्या, "मिशी थोडी जाड होती. नाही, एवढी नाही."

रजिस्टर चाळून बघितलं. १९७० च्या आधीचे फोटो आहेत ते देशमुखांचे, आडत्यांचे, मास्तरांचे, रेल्वेतल्यांचे. सालदारांचे, ऊसतोडीला जाणाऱ्यांचे नाहीत. असलेच तर मालकाच्या लग्नाच्या फोटोत, कडेला, बैलाची वेसण धरून. मी 'जुनं लातूर' म्हणून जे दाखवते आहे त्यात निम्मं लातूर कडेला उभं आहे. म्हणून आजपासून कडेच्या माणसांचीही नोंद: किती, काय करतायत, हातात काय. नाव मिळालं तर उत्तमच.

मावशींचं मतदान कार्ड स्कॅन केलं पण ठेवलं नाही. नंबर असतो त्यावर.

१४ सप्टेंबर

पितृपक्ष. हाराच्या फोटोंची रांग. मूळ फोटो भरपूर येतायत, स्कॅन रात्री. मागच्या बाजूंवर काही नाही, रंगीत फोटोंच्या मागं नुसतं कंपनीचं नाव.

३० सप्टेंबर

किल्लारीच्या भूकंपाचा दिवस. १९९३, पहाटे चारच्या सुमारास. दुकानात आज त्या भागातले एक काका आले होते, नातवाच्या फॉर्मसाठी. बोलता बोलता खिशातून पाकीट काढलं: त्यांच्या जुन्या गावातल्या घराचा फोटो. दगडी भिंती, वर माळवद, दारात आई. त्या जाड दगडी भिंती आणि मातीचा भार घेतलेली माळवदं, त्यांनीच तर माणसं दाबली. गावं नव्या जागी बसली, जुनी तशीच मातीत राहिली.

हा फोटो वाचला कसा? घरात नव्हता म्हणून. भूकंपाच्या आधी तो पुण्याला नोकरीला असलेल्या भावाला पत्रात घालून पाठवलेला होता. घरातले सगळे फोटो गेले, पाठवलेला राहिला.

ही गोष्ट मी आधी नीट लक्षातच घेतली नव्हती. फोटो गावात शोधायचा नसतो, गावानं जिकडं पाठवला तिकडं शोधायचा असतो. तारेवरची कार्डंसुद्धा लातूरची नाहीतच, लातूरला आलेली आहेत. लातूरनं लिहिलेली सोलापूर, हैद्राबाद, पुणे, बार्शी इथल्या तारांवर असतील, असलीच तर. काकांनी दोन्ही सह्या दिल्या, दुसरी भावाची व्हॉट्सॲपवरून. फोटो पुढून-मागून घेतला. मागं निळ्या बॉलपेननं: 'दादा, घर बघ, नवा दरवाजा बसवला.'

ही ओळ झाकायची नाही, असं काकांनीच सांगितलं.

८ ऑक्टोबर

यंदा सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्याचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. आता लोक भिजलेले अल्बम घेऊन येतायत. जे जमतंय ते लिहून ठेवते.

चिकटलेले फोटो कोरडे असताना सोडवायचे नाहीत. परातीत स्वच्छ गार पाणी घेऊन सोडायचे, आपोआप सुटतात. चिखल बोटानं पुसायचा नाही; ओला थर लोण्यासारखा असतो, बोट लागलं की चेहरा गेला. पाणी बदलत राहायचं. मग चित्र वर करून सावलीत सुती कापडावर. ऊन नको, हेअर ड्रायर नको. एका दिवसात होणार नसेल तर मेणकागद मधे घालून डीप फ्रीजमध्ये, म्हणजे बुरशी थांबते. शेजारच्या आइस्क्रीमवाल्या भाऊंनी एक कप्पा दिला.

लक्षात आलेलं असं की जुने ब्लॅक अँड व्हाइट सगळ्यात चिवट. लॅबमधले रंगीत लवकर धुतले तर वाचतात. इंकजेटवर काढलेले मात्र गेले, शाई नुसती वाहते. म्हणजे आम्हीच इथून काढून दिलेले हाराचे फोटो पाण्यात गेले आणि ज्यातून ते कापले ते लग्नाचे ग्रुप, कुठंतरी पेटीच्या तळाला, राहिले. तेरणेकाठच्या एका घराला परवा रजिस्टरमधून मूळ स्कॅन काढून परत दिलं. त्यांनी आजी पुन्हा कापायला सांगितली. निळ्या बॅकग्राउंडसकट. कापली.

२ नोव्हेंबर

बाहेर पाठवलेल्यांचा शोध. पुण्या-हैद्राबादकडं गेलेल्या लातूरकरांना नातेवाइकांमार्फत निरोप: पेटीत गावाकडून आलेलं काही आहे का, फोटो असो की कार्ड. कार्ड असेल तर तारेवरून उतरवू नका, आहे तसं कळवा. मूळ वस्तू टपालानं मागवायची नाही, शक्यतो तिथंच कुणाकडून स्कॅन करून घ्यायची. पाठवायचीच झाली तर स्पीड पोस्ट; रजिस्टर पोस्ट यंदा त्यातच मिसळलंय, आणि जुनी मंडळी अजून 'रजिस्टरनं धाडू का' विचारतात.

सोलापूरहून एका मावशींचा फोन. माहेर निलंग्याचं. पत्र्याच्या डब्यात वडिलांची कार्डं आहेत, काही मोडीत, कुणाला वाचता येत नाहीत. मजकूर काय आहे हे कळल्याशिवाय दाखवायचं की नाही ते ठरवणार नाही म्हणाल्या. बरोबर आहे. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी औशाला आहेत, त्यांना पुढच्या रविवारी विचारते. वाचून आधी मावशींना सांगायचं, मला नाही सांगितलं तरी चालेल.